खांबापाशी ठेवलेले औषध

ब्रॅटन, मिनेसोटा
२४ मार्च २०२०

बाबा,

नाताळच्या कार्डावर तुम्ही जो पत्ता लिहिता, त्याच पत्त्यावर हे पाठवतो आहे. कार्डे दर वर्षी मिळतात. उत्तर दिले नाही, कारण आई समोर भांडी पुसत असताना तुम्हाला काय लिहावे ते सुचत नसे. हे पत्र मी धान्याच्या कोठारावर बसून लिहितो आहे. शाळा सोडल्यापासून इथेच वजनकाट्यावर आहे. या दिवसांत ट्रक फारसे येत नाहीत. पहिल्या कागदावर खाडाखोड झाली म्हणून दुसरा घेतला.

तुमची तब्येत बरी असेल. इकडे अजून बर्फ आहे, पण रस्त्याकडेच्या चरांतून पाणी वाहू लागले आहे. साथीमुळे शाळा बंद झाल्या, म्हणजे आईचे शाळेच्या स्वयंपाकघरातले कामही बंद. चर्चही बंद. शेजारचा अर्विड स्ट्रॉमग्रेन म्हणतो, "देवानं सुट्टी घेतली, माझ्या गाई काही घेत नाहीत."

कामाचे लिहायला मी उशीर करतो आहे, हे मला कळते.

आईला साखरेचा आजार आहे हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही घरात होता तेव्हाच तो निघाला. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, त्यामुळे टोचून घेतल्याशिवाय तिचे चालत नाही. इकडे एका बाटलीला तीनशे डॉलर पडतात आणि महिन्याला दोन लागतात. शाळेची नोकरी अर्ध्या दिवसाची, म्हणून विमा नाही. गेली काही वर्षे मीच सीमा ओलांडून, तुमच्या देशातून औषध आणत होतो. तीच कंपनी, तेच औषध, आणि किंमत दहावा हिस्सा. तिकडे डॉक्टरची चिठ्ठीही मागत नाहीत. ब्रॅटनचे निम्मे लोक असेच करतात. चर्चच्या तळघरात कॉफी पिताना कोण कधी जाणार याची चौकशी होते आणि जाणाऱ्याच्या खिशात चार घरांची नावे पडतात.

मी स्टाइनबाखच्या दुकानात जात असे. म्हणजे तुमच्याच गावात. तुमच्या दारातले स्प्रूसचे झाड वाऱ्याने कलले आहे, त्याला एखादा टेकू द्यायला हवा.

शनिवारी सीमा बंद झाली. सोमवारी मी तरीही गेलो. नाक्यावरचा तुमच्या बाजूचा अधिकारी मला ओळखतो. खिडकीतून म्हणाला, "एल्डन, परत फिर. आता फक्त माल आणि मालाचे ट्रक."

मी म्हणालो, "औषध न्यायचं आहे."

"तुमच्या देशात मिळत नाही का ते?"

"मिळतं."

"मग?"

माझ्या मागे एकही गाडी नव्हती, त्यालाही घाई नव्हती. मी काच वर केली. गाडी वळवली.

घरातले औषध एप्रिल संपेपर्यंत पुरेल असे आई म्हणते. ती नेहमीपेक्षा कमी घेते आहे असा मला संशय आहे. विचारले तर म्हणते, "मी काय तुझ्या काट्यावरचा ट्रक आहे, येताजाता वजन करायला?"

तर विनंती अशी आहे की तुम्ही तिकडच्या दुकानातून सहा बाटल्या घ्याव्यात. औषधाचे नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहिले आहे. कृपया चिठ्ठी तशीच दुकानदाराला दाखवा. पैसे मी पाठवीन. आईला यातले काही माहीत नाही, म्हणून उत्तर कोठाराच्या पत्त्यावर द्यावे.

एल्डन


९ एप्रिल २०२०

बाबा,

तुमचे पत्र मिळाले. आभारी आहे. पैसे नको असे तुम्ही लिहिले आहे, त्याबद्दल नंतर बघू.

तुम्ही विचारले आहे की व्हर्ना आत्याकडे का जात नाही, गावातले औषधाचे दुकान तिचेच आहे. खरे कारण लिहितो. तुम्ही गेलात त्या दिवशी तुमची सुतारकामाची पेटी एकट्याला उचलेना, तेव्हा दुसऱ्या बाजूने आत्याने हात लावला. आई दारात उभी होती. तेव्हापासून आई त्या दुकानात पाऊल टाकत नाही. चर्चमध्ये आत्या उजवीकडे बसते आणि आई डावीकडे. पाद्री बदलले, बाके तीच राहिली. आणि आत्या तरी काय करणार? किंमत ती ठरवत नाही.

काल मी आईला सहज विचारल्यासारखे विचारले, की समजा पलीकडून कोणी औषध पाठवले तर?

"कोणी म्हणजे?"

"समजा, बाबांनी."

तिने हातातला पाव खाली ठेवला. "त्याच्या हातचं पाणीसुद्धा नको मला. आणि तू त्याला बाबा म्हणतोस कधीपासून?"

म्हणून मी तिला सांगणार आहे की दुकानदारानेच सोय केली.

टपालाने पाठवू नका. पार्सले तपासणीत अडकून पडतात. अर्विडच्या उत्तरेकडच्या शेताला लागून सीमेचा खांब आहे. तुमच्या बाजूने मातीचा रस्ता अगदी चरापर्यंत येतो. १८ तारखेला, शनिवारी, सकाळी दहा वाजता तिथे यावे. हे कायद्याला धरून नाही, हे मला माहीत आहे. मी आजवर नाक्यावर एक सफरचंदसुद्धा लपवले नाही. दोन दिवस विचार केला, दुसरा मार्ग सुचला नाही.

औषधाबद्दल. ते थंड राहिले पाहिजे. गाडीत काचेपाशी ठेवू नका, हीटरजवळ ठेवू नका. मागे एकदा जुलैमध्ये येताना नाक्यावर रांगेत दोन बाटल्या तापून वाया गेल्या होत्या. कृपया थंड ठेवा.

आणि खांबापाशी ठेवून जाऊ नका, हातात द्या. तुम्ही चराच्या पलीकडे, मी अलीकडे. साथीसाठी जेवढे अंतर सांगितले आहे त्यापेक्षा चर रुंद आहे. तुम्हाला भेटावे म्हणून म्हणतो असे नाही. औषध उघड्यावर राहू नये, एवढेच.

एल्डन


१८ एप्रिल २०२०, दुपार

बाबा,

डबा मिळाला. तुम्ही नव्हता.

मी साडेनऊलाच पोचलो होतो. खांबाच्या सावलीत निळा डबा ठेवलेला होता, वर दगड. तुमच्या बाजूच्या रस्त्यावर चाकांच्या खुणा होत्या आणि त्या खुणांवर हिव पडलेले होते. म्हणजे गाडी हिव पडण्याआधी येऊन गेली. मी तिथे बराच वेळ थांबलो. वाटले, कदाचित तुम्ही परत याल.

एकच विचारायचे आहे आणि त्याचे उत्तर उलट टपाली हवे. तुम्ही डबा किती वाजता ठेवलात? आज पहाटे का काल?

काल रात्री इकडे तापमान पाणी गोठण्याच्या बरेच खाली गेले होते. अर्विडच्या गाईंच्या टाकीवर कुऱ्हाड घालावी लागली. डब्यात तुम्ही बाटल्यांच्या दोन्ही बाजूंनी बर्फाच्या पिशव्या लावल्या आहेत आणि त्या मी उघडल्या तेव्हाही दगडासारख्या होत्या. बाटल्यांतले औषध पातळ होते, पाण्यासारखे स्वच्छ. पण इन्सुलिन एकदा गोठले की पुन्हा पातळ झाले तरी कामाचे राहत नाही, आणि दिसायला काही फरक दिसत नाही. डब्यातल्या कागदावर तसे छापले आहे, इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये.

मी आईला म्हणालो, "दुकानदारानं माणसाहाती पाठवलं. पण जुनी बाटली संपेपर्यंत नवी उघडू नकोस. मी एक गोष्ट विचारून घेतोय."

"काय विचारतोयस?"

"तारखेचं."

"तुला तारखांची फार काळजी," ती म्हणाली आणि बाटल्या फ्रिजमध्ये लोण्याच्या खणात ठेवल्या. जुनी बाटली अजून आठवडाभर चालेल, असे ती म्हणाली. तोवर तुमचे उत्तर येईल असे मी धरून चालतो.

तुम्ही का थांबला नाहीत ते विचारत नाही. फक्त वेळ लिहा.

एल्डन


२८ एप्रिल २०२०

बाबा,

तुमचे उत्तर अजून आले नाही, पण आता घाई नाही. व्हर्ना आत्याने तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही तिला वेळ सांगितलीच. शुक्रवारी दुपारी चार. म्हणजे डबा पूर्ण रात्र बाहेर होता.

औषध गोठलेले होते असे आत्याचे मत पडले. आम्ही सगळ्या बाटल्या टाकून दिल्या. एकही उघडली नव्हती. त्यामुळे काही नुकसान झाले नाही आणि तुम्ही मनाला लावून घेऊ नये.

आत्याकडे मी तुमचा नंबर मागायला गेलो होतो. टपालाची वाट बघवेना, आणि तुमचा नंबर गावात दुसऱ्या कोणाकडे असणार? दुकानात काउंटरवर प्लास्टिकचा पडदा लावला आहे. त्यातून तिने मला जरा वेळ पाहिले आणि मास्कआडून म्हणाली, "एल्डन ना तू? उंच झालास. काय हवंय?"

"बाबांचा फोन नंबर."

"का? मेला की काय तो?"

मग मला सगळे सांगावे लागले. मी नीट क्रमाने सांगितले. तिने मध्ये एकदाही अडवले नाही. तुम्हाला फोन लावला, वेळ विचारली आणि ठेवून दिला. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या काउंटरवर यायला लागू नये म्हणून तुझ्या आईनं परदेश गाठला."

मी म्हणालो, "तुमच्याकडे तीनशेला होती."

"होती. खोटं कशाला बोलू? तेव्हा तू आला असतास तर मीसुद्धा म्हटलं असतं, जा पलीकडे." तिने खालचा फ्रिज उघडून एक बाटली काढली. "ही बघ. तीच कंपनी, आत तेच औषध, वर वेगळं लेबल. निम्म्या किमतीला, गेल्या वर्षापासून माझ्याकडे आहे. आणि या महिन्यापासून कंपनीनं नवीन काढलंय, विमा नसेल त्याला महिन्याचं इन्सुलिन पस्तीस डॉलरला. फोन करून कार्ड मागवायचं. पाच मिनिटांचं काम."

"आम्हाला कुणी सांगितलं नाही."

"कोण सांगणार? मीच ना." तिने बाटली माझ्यापुढे सरकवली. "ती इथं येत नाही म्हणून मी तिथं गेले नाही. छान हिशेब ठेवला आम्ही दोघींनी."

कार्ड आले आहे. तिकडून औषध आणायची आता गरज नाही. तुम्ही पुन्हा काही पाठवू नये.

आत्या सध्या आमच्याकडेच झोपते. तिच्या हातचे कोंबडीचे सूप आईला खारट वाटते आणि ती तसे सांगतेही. मी चार दिवस कामावर गेलो नव्हतो, आजपासून जातो आहे.

तुम्ही मदत केलीत, त्याबद्दल आभार.

एल्डन


१४ जून २०२०

बाबा,

तुमचे मोठे पत्र मिळाले. तुम्ही लिहिले आहे की बाटल्या उघडल्या नव्हत्या हे वाचून तुम्ही गाडीतच डोके टेकून बसलात. त्या शुक्रवारी चार वाजता डबा ठेवल्यावर कोल्हे उचलून नेतील म्हणून अंधार पडेपर्यंत तुम्ही राखण केली आणि मग मला तोंड दाखवायला नको म्हणून निघून गेलात. हेही मला आता तुमच्या पत्रातून कळले.

हे पत्र मी तीन वेळा लिहायला घेतले. मागच्या पत्रात मी खरे लिहिले नव्हते.

बाटली उघडली होती. मी डबा आणला त्याच रात्री आईने पहिली बाटली उघडली. जुनी चार दिवसांपूर्वीच संपत आली होती, थेंब थेंब पुरवत होती ती. मला सांगितले नाही, कारण मी घाबरेन. साखर तपासायच्या पट्ट्या महाग पडतात म्हणून ती रोज तपासत नाही, हेही मला माहीत नव्हते. मी मात्र तुमच्या उत्तराची वाट बघत बसलो होतो.

मंगळवारपासून तिला सारखी तहान लागू लागली. बुधवारी उलट्या. मला वाटले, साथ घरात आली. तिलाही तसेच वाटले. मला खोलीत येऊ देईना. दारातूनच ओरडायची, "लांब हो! दोघं पडलो तर कॉफी कोण करेल?" गुरुवारी सकाळी मी आत्याकडे गेलो तेव्हा माझ्या डोक्यात गोठण्याचा संशय होता, पण आईच्या उलट्यांशी मी तो जोडला नव्हता. आत्याने फोन ठेवल्यावर मला ती बाटली दाखवली, कार्डाचे सांगितले, ते सगळे मी लिहिले तसेच झाले. मी निघालो तेव्हा ती सहज म्हणाली, "आई बरी आहे ना?"

मी म्हणालो, "तिला फ्लू झालाय. उलट्या होतात, पाणी पीत सुटलीय."

आत्याने दुकानाचा दिवाही मालवला नाही. पांढऱ्या कोटातच माझ्या आधी गाडीपाशी पोचली.

घरात शिरल्यावर ती आईच्या तोंडाजवळ वाकली आणि तिने वास घेतला. पिकलेल्या फळासारखा वास येत होता, शरीराला इन्सुलिन मिळाले नाही की येतो तो. मला तो दोन दिवस येत होता. मला वाटले होते, फ्रिजवरची सफरचंदे असतील. आईने डोळे उघडले आणि म्हणाली, "तू कशाला आलीस?"

आत्या म्हणाली, "भांडायला. पण आधी चपला घाल."

आईला चपला घालता आल्या नाहीत. आम्ही तिला उचलले. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने आत्या.

थीफ रिव्हर फॉल्सच्या हॉस्पिटलात आम्हाला दारातच थांबवले. साथीमुळे सोबतच्यांना आत सोडत नव्हते. तिला खुर्चीवरून आत नेले आणि काचेचे दार बंद झाले. आम्ही दोघे गाडीत बसून राहिलो. नर्सचा फोन आला की आत्या तो स्पीकरवर लावायची. पहिल्यांदा नर्स म्हणाली, हृदयाचे ठोके नीट पडत नाहीत, सांगता येत नाही. आत्या "समजलं" म्हणाली. मग स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाली, "दहा पावलांवर दुकान होतं माझं, एल्डन. चर्चमधनं येताना दर रविवारी माझ्या काचेत तिचं प्रतिबिंब दिसायचं." संध्याकाळी नर्सने सांगितले की साखर उतरू लागली आहे. सोमवारी तिला घरी सोडले.

कार्डामुळे औषधाचा प्रश्न सुटला आहे. हॉस्पिटलचे बिल वेगळे, त्याबद्दल आत्या फोनवर लोकांशी भांडते आहे आणि त्यात तिला आनंद होतो असे वाटते.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले ते.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी आई उशीला टेकून बसली होती. आत्या सूप करत होती. आईने मला जवळ बोलावले आणि हळू आवाजात विचारले, "बारीक झालाय का रे तो?"

"कोण?"

"कोण काय! डबा ठेवून गेला तो."

मी म्हणालो, "दुकानदारानं पाठवलं होतं."

"दुकानदार अर्विडच्या शेतातून पाठवतो होय? तुझे बूट चिखलानं भरले होते, आणि चेहरा असा की कुणी वाट बघायला लावून आलं नाही." तिने पांघरूण ओढून घेतले. "दिसला का तुला?"

"नाही."

"पळपुटा," ती म्हणाली, पण तुमच्यावर रागावल्यासारखे नाही.

मी विचारले, "तुला माहीत होतं तर घेतलंस कशाला? पाणीसुद्धा नको म्हणाली होतीस."

स्वयंपाकघरात आत्या डाव आपटत होती, तिकडे ती बघत राहिली. मग म्हणाली, "त्याला लिही की टाकून दिलं. उघडलंच नव्हतं म्हणून लिही. नाहीतर तो स्वतःला खात बसेल. त्याचा स्वभाव तसाच आहे, घर सोडून गेला तेव्हा महिनाभर जेवला नव्हता म्हणे." हे तिला कोणी सांगितले मला माहीत नाही.

म्हणून मी तसे लिहिले.

हे वाचून तुम्हाला झोप लागणार नाही, याची मला कल्पना आहे. "कृपया थंड ठेवा" हे मीच लिहिले होते. उन्हाळ्यात दोन बाटल्या तापल्या होत्या, म्हणून मला उष्णतेचीच भीती होती, आणि तुम्ही माझे ऐकलेत. तेव्हा दोष वाटून घ्यायचा असेल तर अर्धा माझ्याकडे ठेवा. आईला आता बरे आहे. काल तिने व्हरांडा धुतला आणि आत्याने मना केले तर तिच्याच पायांवर बादली ओतली.

औषध निकामी होते, हे खरे आहे. आणि ते तुमच्या हातचे आहे हे ओळखून तिने ते टोचून घेतले, पाच दिवस, हेही खरे आहे. पहिले तुम्हाला कळू नये म्हणून ती दुसरेही झाकायला तयार झाली. मला वाटले, तुमच्याकडे दोन्ही असावीत. तिला न विचारता लिहितो आहे.

तुमचा
एल्डन